फिर्यादीचा नगारा

कणसं सोलता सोलता ऐका. हात थांबले की मी उठून झोपायला जाईन, आधीच सांगून ठेवतो.

काय म्हणालीस निंग? शाळेच्या सहलीत तू नगारा वाजवलास? जुन्या कचेरीतला? दिवसाच ना? बाई होत्या ना बरोबर? आणि वाजवताना तोंडानं काही बोललीस का, कुणाचं नाव वगैरे? नीट आठव. नाही? नक्की? बरं, मग ठीक आहे.

दात काढायला काय झालं रे तुम्हाला? तिसऱ्या आजोबांना म्हातारचळ लागलाय, असंच ना? लागू दे. पण विषय निघालाच आहे तर सांगतो. मात्र ऐकलेलं या अंगणाबाहेर न्यायचं नाही. का, ते शेवटी कळेल.

मंग लिआनशान तुम्हाला ठाऊक आहे. तोच, नदीकाठी पतंग उडवत बसतो तो. चौतीस वर्षं आम्ही एका डेपोत काढली. तो बस चालवायचा आणि मी ती दुरुस्त करायचो, म्हणजे तो मोडायचा आणि मी शिव्या देत जोडायचो. माणूस लबाड नाही, पण जिभेला हाड नाही. बायकोची थट्टा केल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही. बायको वानछिन, तीही काही कमी नव्हती. दोघं बोलायला लागली की परक्या माणसाला वाटावं, आज यांचा काडीमोड होतोय. आणि दुसऱ्या मिनिटाला एकाच वाटीतून नूडल्स ओरपत बसलेली.

तर २०१९ सालची गोष्ट. नोव्हेंबरची सात तारीख, गुरुवार. दुसऱ्या दिवशी हिवाळा लागणार म्हणून तुमच्या आजीनं डंपलिंगसाठी कोबी चिरायला घेतला होता, त्यामुळे तारीख माझ्या पक्की ध्यानात आहे. लिआनशानच्या मुलीचं लग्न महिन्यावर आलं होतं. तिला द्यायच्या दोन रजया, नव्या कापसाच्या, वर लाल साटीन, तालुक्याच्या पिंजाऱ्याकडे भरायला टाकल्या होत्या. त्या आणायला नवराबायको दुपारच्या बसनं गेले. पिंजारी म्हणाला, साडेपाचला या. आता तोवर करायचं काय? जुन्या कचेरीत साठीपुढच्या माणसांना तिकीट नाही. फुकट ते पौष्टिक! शिरले दोघं आत.

निंगनं पाहिलंय, बाकीच्यांसाठी सांगतो. मोठा दरवाजा. आत फरसबंदी अंगण. समोर सदर, जिथं हाकिम बसून न्याय करायचा. दोन्ही अंगांना कारकुनांच्या खोल्या, आणि त्यांत आता मातीचे कारकून मांडलेत, टोप्या घातलेले, टेबलाशी वाकलेले. दरवाजाच्या आत डाव्या हाताला तो नगारा. पूर्वी ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं तो बडवायचा. बडवला की हाकिम जेवत असला तरी हात धुऊन सदरेवर यायचा. आणि फिर्याद पुरी लिहून होईपर्यंत कुणी हलायचं नाही. हाकिमानं नाही, फिर्याद्यानंही नाही.

हिंडून हिंडून लिआनशानचे पाय भरून आले. कारकुनांच्या एका खोलीत मागच्या भिंतीला बाक होतं, त्यावर तो टेकला.

वानछिन म्हणाली, "म्हाताऱ्या, ऊठ. पिंजारी काय आपल्यासाठी दुकान उघडं ठेवणार आहे?"

"तू हो पुढं. दोन रजया उचलायला काय बैल जुंपायचेत?"

"गुडघे माझे दुखतात आणि बसतोस तू!"

"मग तूही बस. सरकारी बाक आहे, झिजणार नाही."

"पोरीचं लग्न काय माझ्या एकटीचं आहे? हे बघ, सात दहाची शेवटची बस. स्टँडवर दिसला नाहीस तर मी निघून जाईन. खरंच जाईन. मग राहा इथंच या मातीच्या बाबांबरोबर. शोभतोस त्यांच्यात!"

आणि गेली तणतणत. त्याचाही फोन तिच्याच पिशवीत. लिआनशाननं टोपी डोळ्यांवर ओढली, म्हटलं पाच मिनिटं.

थंडीत कचेरी पाचला बंद होते. रखवालदारानं दारातून बॅटरी फिरवली असणार. करडा कोट, टोपी, हनुवटी छातीवर टेकलेली. आता पुतळे चार की पाच, हे कोण मोजत बसतंय? त्यानं कुलपं घातली आणि गेला घरी.

हसलात ना? लिआनशानलाही हसूच आलं. जाग आली तेव्हा काळोख झाला होता. घड्याळात सहा पस्तीस. दरवाजाशी गेला, तर बाहेरून अडसर आणि कुलूप. हाका मारल्या. मागचं दार पाहिलं, तेही बंद. भिंत दोन पुरुष उंच. चढायला गेला तर कोटाची बटणं तुटली आणि पोट आडवं आलं. तेव्हा मात्र त्याचं हसू मावळलं. वानछिन म्हणाली होती निघून जाईन, पण त्याला पक्कं ठाऊक होतं, ती जाणार नाही. चाळीस वर्षांत एकदाही ती त्याला टाकून गेली नव्हती. बस चुकवेल, पण दुखऱ्या गुडघ्यांनी, दोन रजया घेऊन, त्या थंडीत स्टँडवर एकटी उभी राहील. काहीही करून तिच्यापर्यंत पोचायला हवं होतं.

मग त्याला नगारा दिसला. म्हटलं, याचा आवाज बाजारापर्यंत जाईल, रखवालदार येईल धावत. काय चुकलं त्याचं? तुम्हीही हेच केलं असतं. टिपरू उचललं आणि घातले तीन टोले. धाड. धाड. धाड.

कुणी आलं नाही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

चौथा घालणार तोच मागं उजेड दिसला. तो झोपला होता त्याच खोलीत. तेलाच्या दिव्यासारखा, पिवळा. आणि आतून एक म्हातारा खोकला.

"फिर्यादी कोण?"

लिआनशानच्या जिवात जीव आला. त्याला वाटलं, रखवालदारच. मागच्या दारानं आला असेल, आणि दिवसा सदरेवर पर्यटकांसाठी नाटक करतात तसं करून आपली टर उडवतोय. मग हा कसला गप्प बसतोय!

"फिर्यादी मी! मंग लिआनशान, वय त्रेसष्ट, निवृत्त ड्रायव्हर! सरकार, न्याय द्या!"

"फिर्याद कुणावर?"

"कुणावर म्हणजे? माझ्या बायकोवर! नवऱ्याला इथं टाकून रजया घेऊन पळाली!"

"नाव?"

"शी वानछिन."

"आत्ता कुठं आहे?"

"बस स्टँडवर. लाल रजया घेऊन बसलेली असेल, लांबून दिसेल तुम्हाला. मुसक्या बांधून आणा सरकार, हयगय करू नका!"

आणि हा स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. आतून कुणी हसलं नाही. दगडावर शाई उगाळल्याचा आवाज येत होता. खरर... खरर... मग तो थांबला.

"नवऱ्याला टाकून पळाली. शंभर फटके."

"अहो, पुरे झालं आता. दार उघडा. माझी बस जाईल."

हा चार पावलं पुढं गेला. खोलीच्या दारातून टेबल दिसत होतं. टेबलावर दिवा होता. मातीचे कारकून तसेच वाकलेले. खुर्चीत, बाकावर, कुठंही जिवंत माणूस नव्हता.

मग पावलं वाजली. दोघांची. त्याच्या दोन्ही बाजूंनी गेली. कापडाचे जोडे, फरशीवर घासत. दिसलं काहीच नाही, नुसता गार वारा लागला. पावलं दरवाजाशी गेली. अडसर हलला नाही. कुलूप वाजलं नाही. आणि दरवाजाच्या पलीकडे, रस्त्याच्या पायऱ्यांवर... तीच पावलं उतरत गेली. स्टँडच्या दिशेनं.

लिआनशान दरवाजावर जाऊन आदळला. मुठींनी बडवला, खांद्यानं ढकलला. जे आता सहज बाहेर गेले त्यांना दार नव्हतं. ह्याला होतं.

आता इथं मी येतो. अविश्वास दाखवू नका, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. सात चाळीसला मला फोन आला, वानछिनचा.

"भाऊजी, आमचा म्हातारा तुमच्याकडे येऊन ढोसत बसलाय का?"

मी म्हटलं, "नाही गं. काय झालं?"

"मेला गायब आहे! कचेरीचं दार ठोठावून आले, आत सगळं सामसूम. शेवटची बस गेली. स्टँडवर चिटपाखरू नाही, गुडघे ठणकताहेत... थांबा हं भाऊजी, कुणीतरी माझं नाव घेतंय."

मग ती फोनपासून लांब जाऊन बोलली. मला स्पष्ट ऐकू आलं. "हो, मीच शी वानछिन. काय हवंय?"

आणि फोन बंद. मी परत लावला. पाच वेळा. दहा वेळा... तुमची आजी म्हणाली, बॅटरी संपली असेल. मीही म्हटलं, हो, संपली असेल.

ती दार ठोठावून गेली म्हणाली ना? आत ह्यानं काही ऐकलं नव्हतं. आणि ह्याचा नगारा, ह्याच्या हाका, तिला ऐकू गेल्या नव्हत्या. दार एकच, आणि दोघं दोन बाजूंना.

लिआनशान खोलीच्या दारात गुडघ्यांवर बसला. "महाराज, मी थट्टा केली. माझी फिर्याद नाही. मागं घेतो."

खोकला आला. मग तोच थकलेला आवाज. "फिर्याद खोटी?"

"खोटी म्हणजे... थट्टा..."

"खोट्या फिर्यादीला तीच शिक्षा. फिर्याद्याला. शंभर." शाईचा दगड एकदाच वाजला. "खोटी असं लिहू?"

लिआनशान बोलला नाही.

का रे, तोंडं का पाडलीत? शंभर फटके म्हणजे गंमत वाटली? जाड बांबूचे. जुन्या काळी पन्नासाला तरणे गडी गार व्हायचे. ह्याचं वय त्रेसष्ट, छातीत झडप बसवलेली. तो मला म्हणाला, "मला मरणाची भीती वाटली रे." मी काय बोलणार? माझीही जीभ टाळ्याला चिकटली असती. आणि त्यानं मनाची समजूत घातली, की हे सगळं स्वप्न आहे. वानछिन तिथं स्टँडवर आहे. तिला कोण आणतंय इथं?

मग पायऱ्या वाजल्या.

ती दोन पावलं. आणि त्यांच्या मधे तिसरं. डावा पाय टाकायचा... उजवा ओढायचा. टाकायचा... ओढायचा. त्या गुडघ्याची चाल चाळीस वर्षं त्याच्या शेजारी चालली होती.

दिसलं काही नाही. चाल त्याच्या अंगावरून गेली. अंगण ओलांडून सदरेकडे गेली. तिथं दोन्ही बाजूंनी बांबू जमिनीवर आपटू लागले. आणि हाकिम सदरेवर बसताना शिपाई करायचे तो खर्जातला घोष. "व्वे... व्वूऽऽ..."

मग शांतता. आणि कुणीतरी दुखऱ्या गुडघ्यांवर जड बसल्याचा आवाज.

"एक."

बांबू वाजला. कुणी ओरडलं नाही. ती ओरडणाऱ्यातली नव्हतीच, बाळंतपणातही ओठ चावून पडली होती.

"दोन."

हा उठला. पाय हलेनात. तोंड उघडलं... आवाज नाही.

"तीन."

खोलीतला दिवा तेवत होता. कारकून वाट बघत होता. घाई नव्हती त्याला.

"चार."

एक शब्द. एकच शब्द बोलायचा होता.

"पाच."

...

"सहा."

...

"सात."

"खोटी!" लिआनशान किंचाळला. "फिर्याद खोटी आहे! ती कधी टाकून गेली नाही मला! मीच बसलो इथं! खोटी, खोटी, लिही!"

बांबू थांबला.

"अंगठा."

तो चाचपडत आत गेला. टेबलावर कागद होता. ओलसर काहीतरी अंगठ्याला लागलं. त्यानं तो कागदावर दाबला... आणि दिवा गेला.

मग काही नाही. पावलं नाहीत. घोष नाही. तो अंगणात जाऊन सदरेपुढं पालथा पडला, कोट अंगातून काढून. शंभर यायचे होते. त्यानं रात्रभर वाट पाहिली. चंद्र मावळला. फरशी बर्फ झाली. एकही फटका आला नाही.

सकाळी आठला रखवालदारानं त्याला उठवला. अंगावर ओरखडा नाही. अंगठ्यावर रंगाचा ठिपका नाही. रखवालदार आधी घाबरला, मग चिडला, मग त्यानं गरम पाणी प्यायला दिलं. लिआनशान ते टाकून धावत सुटला.

वानछिन स्टँडवर होती. बाकावर, पोरीच्या दोन्ही रजया अंगाभोवती गुंडाळून. त्याला बघितल्याबरोबर तिनं तोंडाचा पट्टा सोडला.

"आलास? रात्रभर कुठं मेला होतास? लग्नाच्या कोऱ्या रजयांची घडी मोडावी लागली तुझ्यापायी! अपशकुन म्हणतील लोक!"

हा तिच्या मांडीवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडला. भर स्टँडवर. ती गोंधळून गेली. "अरे, असं काय करतोस? वेडबिड लागलं का? ऊठ, लोक बघतायत." तिला आठवत होतं ते इतकंच. दोन माणसांनी नाव विचारलं, डेपोची असतील. मग झोप अनावर झाली. जाग आली ती उजाडल्यावर. "बाकावर टेकून झोपले ना, पाठ नुसती पेटलीय," म्हणाली.

लिआनशाननं तिच्या पाठीकडे न बघता रजया उचलल्या.

त्या रात्री तिनं त्याला पाठीला तेल चोळायला सांगितलं. हा म्हणाला, माझे हात खरखरीत आहेत, पोरीला सांग. पोरीला दाखवायला ती लाजली. राहिलं. दुसऱ्या दिवशीही त्यानं टाळलं. तिसऱ्याही. जो माणूस चाळीस वर्षं त्या बाईला चिडवल्याशिवाय झोपला नाही, तो दिवा मालवून भिंतीकडे तोंड करून पडू लागला. तिला वाटलं, पोर सासरी जाणार म्हणून मन हळवं झालंय.

लग्नाच्या आदल्या रात्री तो माझ्याकडे आला आणि हे सगळं बोलला. मी आधी म्हटलं, मस्करीची कुस्करी झाली लेका, स्वप्न पडलं तुला, सोडून दे. मग मला तो फोन आठवला.

तो म्हणाला, "एक काम कर माझं. वहिनी आणि वानछिन शनिवारी सार्वजनिक न्हाणीघरात एकमेकींच्या पाठी घासतात ना? वहिनींना विचार. तिच्या पाठीवर... काही आहे का. माझ्यानं बघवणार नाही. मी पहिल्यालाच ओरडायला हवं होतं रे. पहिल्यालाच."

मी तुमच्या आजीला काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं.

ती म्हणाली, "अय्या, तुम्हाला कसं कळलं? आहेत की. हे एवढाले, बोटभर रुंद, काळेनिळे. स्टँडच्या बाकाच्या पट्ट्या रुतल्या म्हणते."

मी विचारलं, "किती आहेत?"

"असले काय प्रश्न विचारता हो?" म्हणाली. पण मोजले होते तिनं. बायका मोजतात.

त्या स्टँडच्या बाकावर बसून मी वीस वर्षं डबा खाल्लाय. सिमेंटचं आहे ते. सपाट. एक पट्टी नाही त्याला.

मग मी लिआनशानकडे गेलो. लग्नाची गडबड चालली होती, फटाके वाजत होते. त्यानं मला गर्दीतून ओढून कोपऱ्यात नेलं. तोंडानं विचारलं नाही, नुसता बघत राहिला. आणि मी... मी म्हटलं, "काही नाही रे. पाठ स्वच्छ आहे. उगाच जीव खातोस स्वतःचा." त्यानं माझे दोन्ही हात घट्ट धरले. मग जाऊन वानछिनला म्हणाला, "काय गं म्हातारे, आज तुझंच लग्न असल्यासारखी नटलीस!" ती म्हणाली, "चल हट." आणि पुष्कळ दिवसांनी हसली.

नाही निंग, अजून ठाऊक नाही त्याला. म्हणून तर सांगतो, अंगणाबाहेर शब्द जाता कामा नये.

पाच वर्षं झाली. वळ आठ दिवसांत जातात, फार तर पंधरा. परवाच्या शनिवारी तुमची आजी न्हाणीघरातून आली, केस पुसत बसली होती. मी सहज विचारलं. पंचा खांद्यावर टाकून ती म्हणाली, "आहेत हो अजून. सातच्या सात."